साहेब, तुम्हीच उभे राहा!

"अजून किती चालायचं?" ढब्बूने विचारलं आणि तिथेच बसकण मारली.

"संपलंच," भिंगरी म्हणाली. सकाळपासून ती हेच सांगत होती. नाव भिंगरी असलं तरी पायांचे पार तुकडे पडले होते. पण सुट्टीत आत्या कामाला होती तो सोलर पॅनेलचा कारखाना बघायचा हट्ट तिचाच, त्यामुळे कुरकुरायची सोय नव्हती. धाकट्या भावाला ओढायचं, वर चष्मिस चुलतभावाच्या शंका ऐकायच्या!

पुढच्याच दालनात आत्या टेबलावर वाकून निळे सेल तारेने जोडत होती. उन्हाची वीज करणारे, पापडापेक्षा पातळ ते सेल. तिचे डोळे लाल झाले होते.

"बरी आहेस ना गं?" भिंगरीने हळूच विचारलं.

"माझ्या टेबलावरची पॅनेलं आतून तडकलेली निघतायत. मोठे साहेब म्हणाले, आज आणखी एक निघालं तर उद्यापासून येऊ नका. माझे हात थरथरतात म्हणे." आत्याने सुस्कारा सोडला. "थरथरत असतीलही. आता माझीच मला खात्री वाटत नाही."



तेवढ्यात पाहुण्यांना कारखाना दाखवणारे साहेब आले. अखंड बडबडीमुळे मुलांनी त्यांचं नाव पोपटसाहेब ठेवलं होतं. आत्याच्या टेबलावरून रांगेत गेलेलं एक तयार पॅनेल त्यांनी दोन ठोकळ्यांवर आडवं ठेवलं.

"आमचं पॅनेल म्हणजे दगड! ये रे जाड्या, उभा राहा. प्रत्येक पाहुण्याला इथेच उभं करतो मी."

ढब्बू चढला. काच किंचित वाकली, पण फुटली नाही. पोपटसाहेबांनी फडक्याने बुटांचे ठसे पुसले आणि पॅनेल परत रांगेत लावलं.

रांग शेवटी एका अंधाऱ्या खोलीत जात होती. तिथे वीज सोडून पॅनेलचा फोटो काढायचे. धड सेल उजळायचे, तडे काळे दिसायचे. मुलं दाराशी टेकून बघत राहिली. आणखी चालायची कोणाची ताकद होती?

"हे गेलं," कॅमेऱ्यावरच्या ताई म्हणाल्या. "पुन्हा तुमच्या आत्याच्याच टेबलावरचं. बोलावते मोठ्या साहेबांना."

भिंगरीला रडू कोसळणार होतं. पण फोटोत काळ्या रेघांची दोन जाळी होती, अगदी शेजारी शेजारी.

"ढब्बू," ती पुटपुटली, "हे तर तुझे पाय आहेत."

"मी काही नाही केलं!"

"काच नाही फुटली, पण आतले सेल फुटले," चष्मिस म्हणाला. "चल, सांगून टाकू."

"आपलं कोण ऐकणार? पोपटाकडूनच वदवून घेऊ."

मोठे साहेब कपाळाला आठ्या घालून आले, मागून मान खाली घालून आत्या. भिंगरीने कॅमेऱ्यावरच्या ताईंना नुकतंच पास झालेलं पॅनेल मागितलं. मग ती पोपटसाहेबांकडे वळली.

"साहेब, मघाची गंमत पुन्हा दाखवा ना. ढब्बू दमलाय, तुम्हीच उभे राहा."

मोठ्या साहेबांसमोर मिरवायला मिळतंय म्हटल्यावर काय विचारता! पोपटसाहेब ते पॅनेल ठोकळ्यांवर ठेवून टुणकन चढले. "दगड आहे, दगड!"

"आता परत फोटो काढाल?" भिंगरीने विचारलं.

ताईंनी काढला. पडद्यावर दोन काळे डाग उमटले, ढब्बूच्या दुप्पट मोठे. पोपटसाहेब आपल्याच बुटांकडे बघू लागले.

मोठ्या साहेबांनी दोन्ही फोटो ताडून पाहिले. "म्हणजे पाहुणे आले की पॅनेलं तडकायची, आणि आम्ही बोल लावला बाईंना," ते म्हणाले. "चुकलं आमचं, बाई. उद्या वेळेवर या. आणि पोरांनो, शाबास. आमच्या कोणाच्या डोक्यात नाही आलं हे."

आत्या बाकावर बसली. भिंगरी तिला चिकटून बसली. आत्याने दोन्ही हात तिच्यापुढे धरले. ते लटलट कापत होते.

"बघ," आत्या डोळे पुसत हसली, "आत्ता थरथरतायत."