प्रश्नोबाचं मत

तो खरं तर शेजारच्या शिंप्याकडे आला होता. शिंप्याच्या दुकानाला कधीच टाळं लागलं होतं, म्हणून त्यानं बाजूच्या दारातून आत पाऊल टाकलं आणि छताला टांगलेल्या लॅम्पशेडमध्ये त्याचं डोकं गेलं. पिवळ्या कापडाची ती टोपी डोळ्यांवर उतरली, तरी आतून आवाज आला अदबीचाच.

"नमस्कार. छोट्या व्यवसायांच्या अडचणी आणि त्यांना लागणारं प्रशिक्षण, यावर आमचं संशोधन चालू आहे. दोन मिनिटं मिळतील?"

लॅम्पशेड बनवणाऱ्या त्या मुलीला हसू आवरेना. "आधी डोकं बाहेर काढा. मग विचारा."

दोन मिनिटांचा तास झाला, आणि तो दर मंगळवारी येऊ लागला. ती तारेच्या सांगाड्यावर कापड ताणून चिकटवायची, तो स्टुलावर बसून प्रश्न विचारायचा. गिऱ्हाईक आलं की कोपऱ्यात सरकून नुसता बघत राहायचा. मागच्या खोलीत तिची आत्या शिवणयंत्र चालवायची. आत्यानं त्याचं नाव ठेवलं प्रश्नोबा.

प्रश्नोबात खोट एकच होती, त्याला मत नव्हतं. म्हणजे असणार, पण ते द्यायची मुभा नव्हती. अभ्यास संपेपर्यंत दुकानदाराला सल्ला द्यायचा नाही, असा त्याच्या मार्गदर्शक मॅडमचा कडक नियम होता. हे कळल्यापासून मुलीला त्याची खोडी काढायची सवयच लागली.

"चहा कसा झालाय?"

"तुम्हाला कसा वाटतो?"

"ही निळी छान दिसते की ती हिरवी?"

"गिऱ्हाइकं काय म्हणतात?"

"आणि मी?"

तो कानापर्यंत लाल झाला. "हा प्रश्न… विषयाला धरून नाही."

आतलं यंत्र थांबलं होतं. आत्या भारी तिखट कानाची.

मग एका मोठ्या दुकानाचा निरोप आला. तुमचं दुकान बंद करा, आमच्याकडे पगारावर या, शुक्रवारपर्यंत कळवा. आत्या म्हणाली, "तुझं तू बघ." मुलीचं मात्र सारखं तळ्यात-मळ्यात चाललं होतं. मंगळवारी तिनं हातातलं कापड बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदाच खोडी न काढता विचारलं, "बंद करू का मी हे?"

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "मला सांगता येत नाही."

"सांगता येत नाही, की सांगायचं नाही?"

तो चहा अर्धा टाकून निघून गेला. तिला इतका राग आला की दिवसभर एकही कापड सरळ ताणलं गेलं नाही. रागाखाली काय आहे, हे तिला चांगलंच ठाऊक होतं. तिला तो हवा होता, मतासकट.

गुरुवारी, त्याचा वार नसताना, तो वाकून आत आला. खांद्याला नेहमीची बॅग नव्हती.

"मॅडमना सांगून आलो, हे दुकान माझ्याकडून काढून घ्या. तिथे मला तटस्थ राहता येत नाही."

"मग आज कशाला आलात?"

"मत द्यायला. पहिलं मत, चहा भयंकर असतो."

आतलं यंत्र खाडकन थांबलं. चहा आत्या करायची.

"दुसरं… तुमचं काम फार सुंदर आहे. पण किंमत सांगताना तुमचा आवाज पडतो. गिऱ्हाइकाला वाटतं, हिलाच ती पटत नाहीये. ते घासाघीस करतं आणि तुम्ही लगेच खाली येता. दुकान ठेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण आवाज पडतो म्हणून बंद करू नका."

ती काही बोलणार, तोच एक बाई आल्या. पिवळी शेड केवढ्याला, म्हणाल्या. तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता. तिनं किंमत सांगितली. आवाज थरथरला, पण पडला नाही.

"काही कमी?"

"नाही."

बाई "बघते" म्हणून निघून गेल्या.

"गेल्या," ती म्हणाली. वाईट वाटायची तिनं वाट पाहिली. वाटलं नाही. आपल्या कामाची किंमत आपण सांगितली, या आनंदात ती चिंब होती. "उद्या त्या मोठ्या दुकानाला नाही म्हणून कळवते. आणि… तिसरं मत?"

तो हनुवटी छातीला टेकवून काहीतरी पुटपुटला.

"आवाज पडला," ती म्हणाली. "मी आता घासाघीस करीन हं. नीट सांगा."

त्यानं मान वर केली, आणि डोकं पुन्हा त्याच शेडमध्ये गेलं. या खेपेला त्यानं ते बाहेर काढलंच नाही. "तुम्ही मला आवडता," तो आतून मोठ्यानं म्हणाला. "फार आवडता."

"ऐकलं," मागच्या खोलीतून आत्या म्हणाली. "आता चहा तूच करत जा."

तिनं दोन्ही हातांनी हलकेच ती टोपी वर उचलली. त्याचे डोळे दिसले.

"मलाही तुम्ही," ती म्हणाली, आणि आवाज जरासुद्धा पडू दिला नाही.