डॉक्टर ब्रँडवोल्डांवर कोण बोलणार

डॉक्टर लीलंड ब्रँडवोल्डांना मारणारा माणूस शोधायची गरजच नव्हती. गोळ्या झाडून झाल्यावर त्याने बंदूक गवतावर ठेवली आणि पोलीस येईपर्यंत गल्लीतल्या कचऱ्याच्या डब्यावर पाय हलवत बसून राहिला. आता तो तुरुंगात पोटभर जेवत होता आणि विचारेल त्याला सांगत होता, की मी एकटाच होतो, मला देवाने सांगितलं.

"देव काय गाड्यांचे रंगपण सांगतो?" मार्गिट ब्रँडवोल्ड म्हणाली.

डॉक्टरांची ही विधवा मॅक्सीन टॉर्विकच्या ऑफिसात बसली होती. ऑफिस म्हणजे हार्डवेअरच्या दुकानावरची एक खोली. मॅक्सीन खराट्यासारखी बारीक, आणि खराट्यासारखीच कोपऱ्यातली घाण बाहेर काढणारी. लिंडस्टन गावातच काय, कॅन्ससच्या त्या अख्ख्या पट्ट्यात खाजगी तपास करणारी ती एकटीच बाई. तिच्या शेजारी तिच्या मेलेल्या बहिणीचा, बर्निसचा नवरा, ऑर्विल स्टेनसेथ. तो गाडी चालवायचा, दारं उघडायचा आणि बायको गेल्यापासून जो वाढेल त्याच्याकडे जेवायचा.

मार्गिटच्या मांडीवर एक काचेचं भांडं होतं. ते तिने ऑर्विलच्या हातात दिलं.

"हे संपवा बाबा. घरात पाय ठेवायला जागा नाही, इतकं लोकांनी आणून ठेवलंय. रिकामं झालं की भांडं तेवढं ज्याचं त्याला द्या."

मयत झालं की लिंडस्टनमध्ये प्रत्येक घरातून एकेक पदार्थ जायचा. भांडं परत यावं म्हणून बुडाला चिकटपट्टीवर नाव. ऑर्विलने बूड बघायला भांडं वर धरलं. पट्टीवर लिहिलं होतं, डी. योस. आत जेलीचं सॅलड. लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, एकावर एक सात थर, पट्टीने आखल्यासारखे सरळ.

"डार्लीन बिचारी," मार्गिट म्हणाली. "सगळ्यांत आधी तीच धावत आली. लीलंडला अजून गल्लीतून उचललंही नव्हतं. मला काही सुचत नव्हतं, तिने हे भांडं माझ्या फ्रिजमध्ये ठेवलं आणि मला धरून बसली."

ऑर्विलने चमचा शोधला. मग मार्गिटने सांगितलं ते असं.

डॉक्टरांचा गर्भपाताचा दवाखाना त्या भागातला एकुलता एक. काचा फोडून झाल्या होत्या, नळांत सिमेंट ओतून झालं होतं. डॉक्टर अंगात जाड चिलखती जाकीट घालायचे आणि रोज गाडी बदलायचे, वाट बदलायचे. उद्या कुठली गाडी, कुठली वाट, हे आदल्या संध्याकाळी तिघांनाच फोनवर कळवायचे. हेड नर्स डार्लीन योसला, कारण दार ती उघडणार. पहारेकरी वेन्डेल प्रुइटला, कारण फाटकावर तो उभा राहणार. आणि त्यांच्या घरामागच्या गल्लीत राहणाऱ्या लॉरेन आमडालला. ती स्वयंपाकघरातून गल्लीवर नजर टाकायची आणि गल्ली मोकळी असली की खिडकीचा पडदा वर करायची.

खून झाला त्या सकाळसाठी मार्गिटची छोटी हिरवी गाडी ठरली होती. त्या गाडीच्या चाकामागे जाकीट घालून मावत नाही, हे तिघांनाही ठाऊक. आणि मारेकरी नेमका हिरव्या गाडीची वाट बघत लायलॅकच्या झुडपांच्या कुंपणामागे दबा धरून बसला होता.

"शेरीफ म्हणतात, माणूस सापडला, विषय संपला," मार्गिट म्हणाली. "शनिवारी चर्चमध्ये प्रार्थना आहे. हे तिघं पहिल्या बाकावर बसणार आणि लीलंडवर डार्लीन बोलणार. तिघांपैकी एकाने त्याला विकलंय, मॅक्सीन. त्या तोंडातून माझ्या नवऱ्याच्या पेटीसमोर एक शब्दसुद्धा निघता कामा नये. बाकी मला काही नको."

ती गेल्यावर ऑर्विल म्हणाला, "चव छान आहे, पण यात मधे मधे दुधाचे पांढरे थर हवे होते. आपल्या बर्निसचे असायचे. आदल्या दिवसापासून फ्रिज उघडू द्यायची नाही बाई. एकदा मी बियरसाठी उघडला, तर लाटणं घेऊन मागे लागली होती."

"मार्गिटला दूध चालत नाही," मॅक्सीन खिडकीबाहेर बघत म्हणाली. "अंगावर गांधी उठतात. खा तू."

आधी वेन्डेल. तो दवाखान्याच्या बंद फाटकावर उभा होता. आत राखायला आता कुणी नव्हतं, तरी उभा होता. रस्त्यापलीकडे चार-पाच जण फलक घेऊन उभे होते. एकाने नवा फलक रंगवून आणला होता: 'एक कमी झाला.' रंग अजून ओला होता. वेन्डेलने कबूल केलं, की गेल्याच महिन्यात तोंडाला दारूचा वास आला म्हणून डॉक्टर त्याला खूप बोलले होते. रागही आला होता. खुनाच्या दुसऱ्या दिवशी तो डोनटचा खोका घेऊन मार्गिटच्या दारापर्यंत गेला, आणि बेल न वाजवता पायरीवर ठेवून परतला.

"डोनट घेऊन जातात का मयताला?" त्याने ऑर्विललाच विचारलं. "मला करता तेवढंच येतं. म्हणजे विकत घेता."

लॉरेन आमडालने दार उघडलं ते भांडायच्या तयारीनेच. हो, पडदा मीच वर केला. हो, गल्ली मोकळी होती. कुंपणामागे माणूस आडवा पडलेला मला कुठून दिसणार? माझे डोळे आहेत, दुर्बीण नाही. हो, माझा नवरा डॉक्टरांशी बोलत नव्हता, चर्चमध्ये त्यांच्या मागच्या बाकावरसुद्धा बसत नव्हता. लिहून घ्या. गोळ्यांच्या आवाजाने ती अनवाणी धावली होती, डॉक्टरांचं डोकं तिच्याच मांडीवर होतं. त्या दिवशी हात इतके थरथरत होते, की सुरी धरवेना. मार्गिटकडे हॅम घालून पाव नेले ते दुसऱ्या दिवशी, आणि तेही वेडेवाकडे कापलेले.

"गाव काय म्हणतं ते मला कळतं," ती म्हणाली. "पडदा हिचा, म्हणजे पाप हिचं. म्हणू दे. मी शनिवारी पहिल्याच बाकावर बसणार."

बाहेर पडल्यावर ऑर्विल म्हणाला, "हीच. नवऱ्याने पढवलंय हिला."

"गाडी चालव," मॅक्सीन म्हणाली.

डार्लीन योसच्या दारात तिची कॉलेजातली मुलगी जोलीन उभी होती. रडून रडून चेहरा फुगलेला. ऑर्विलने धुतलेलं भांडं तिच्या हातात दिलं आणि फार वाईट झालं असं काहीतरी पुटपुटला. "डॉक्टरांनी मला..." जोलीन म्हणाली, आणि तेवढ्यात आतून डार्लीनचा आवाज आला, की वर जा, अभ्यास कर. मुलगी गेली. डार्लीनने कॉफी ओतली. गोल, उबदार बाई. तिच्याकडे बघूनच निम्म्या पेशंटांची भीती पळायची, असं डॉक्टर म्हणत.

मॅक्सीनने फार काही विचारलंच नाही. सॅलडचं मात्र तोंड भरून कौतुक केलं. असल्या दिवशी इतकं सुंदर करायला बळ कुठून आणलं?

"हाताला काहीतरी काम हवं होतं गं," डार्लीन म्हणाली. "दवाखान्यात फोन आला, तशी घरी आले आणि ओट्याशी उभी राहिले. रडत होते आणि करत होते. मार्गिटसाठी. फक्त तिच्यासाठी केलं."

ऑर्विलच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅक्सीनने आणखी एक बिस्किट घेतलं.

शनिवारी चर्च भरलं. बाहेर फलकवाले गात होते. आत बायका येतच होत्या, कुठून कुठून गाड्या हाकत. काही काळे चष्मे लावून, काही लेकींना घेऊन. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. दाराशी ठेवलेल्या फुलदाणीत प्रत्येकीने एकेक फूल टाकलं. फुलदाणी भरली, मग बादली आणली, बादलीही भरली.

खाली तळघरातल्या स्वयंपाकघरात मॅक्सीनने तिघांना बोलावलं होतं. मार्गिट काळ्या कपड्यांत ओट्याला टेकून उभी. दारात शेरीफ, घड्याळाकडे बघत.

"मला कुणाच्या रागाशी घेणं नाही," मॅक्सीनने सुरुवात केली. "राग एकाहून जास्त घरांत होता. वेन्डेलच्या स्वतःच्या डोक्यात, लॉरेनच्या नवऱ्याच्या. मी एवढंच बघितलं, की बातमी कळल्यावर कोण कसं वागलं. वेन्डेलला काही सुचेना, त्याने डोनट विकत घेतले. लॉरेनला सुरी धरवेना, तिचे पाव दुसऱ्या दिवशी आले. वज्राघात झाला की माणसं अशीच वागतात. ऑर्विल, सात थरांची जेली बर्निस कशी करायची?"

ऑर्विल गोंधळला. "म्हणजे... एक थर ओतायचा. तो गोठला की दुसरा. घाई केली की रंग एकमेकांत उतरतात. म्हणून तर ती आदल्या दिवसापासून..."

तो थांबला. निम्मं भांडं त्यानेच संपवलं होतं.

"आदल्या दिवसापासून," मॅक्सीन म्हणाली. "डॉक्टर अजून गल्लीत पडलेले होते, तेव्हा डार्लीनची जेली मार्गिटच्या फ्रिजमध्ये होती. सातही थर सरळ. म्हणजे डॉक्टर रात्रीचं जेवण जेवत होते तेव्हा डार्लीन त्यांच्या मयताचा पदार्थ करत होती."

"ती... ती चर्चच्या जेवणासाठी केलेली होती," डार्लीन म्हणाली. "घरात तयार होती म्हणून उचलली."

"मला तू वेगळं सांगितलंस. बातमी कळल्यावर केली, आणि फक्त मार्गिटसाठी. पहिलं खोटं. दुसरं खरं आहे. चर्चच्या जेवणाला अख्खं गाव दुधाचे पांढरे थर घालतं. तू घातले नाहीस, कारण मार्गिटला दूध चालत नाही. किती गं काळजी."

शेरीफांनी घड्याळावरची बाही खाली केली.

"कोर्टात जेली चालणार नाही, मला माहीत आहे," मॅक्सीन त्यांना म्हणाली. "पण आता कुठल्या घरातून कुणाला फोन गेला ते तुम्ही काढाल. इतके दिवस काढलं नाहीत."

डार्लीन खुर्चीत बसली. उबदार चेहरा होता तसाच होता, हेच ऑर्विलला सहन होईना.

"ईस्टरला," ती म्हणाली. "अंडी सोलत होतो आम्ही. जोलीनने सांगितलं. सहज, मला बरं वाटेल अशा थाटात. आई, मी गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांकडे गेले होते. तू सुट्टीवर होतीस तेव्हा. माझं नातवंड, मार्गिट. ज्या टेबलावर मी रोज चादर घालते त्या टेबलावर. आणि लीलंड दुसऱ्या दिवशी मला हसून गुड मॉर्निंग म्हणाला."

"तिनेच त्याला सांगितलं होतं, आईला कळू देऊ नका," मार्गिट म्हणाली.

"मी आई आहे तिची."

"आणि वीस वर्षं ज्यांचे हात धरलेस, त्यांना आया नव्हत्या?"

डार्लीन हळूच म्हणाली, "फाटकासमोर फलक घेऊन उभा असायचा त्या माणसाला मी फक्त गाडी सांगितली. तो घाबरवेल, एवढंच वाटलं होतं. देवाशपथ, मला वाटलं, लीलंड घाबरून दवाखाना बंद करेल."

"घाबरलेल्या माणसाच्या घरी मयताचं जेवण पाठवतात का?" मॅक्सीनने विचारलं.

लॉरेन उठली आणि डार्लीनच्या पायाशी थुंकली. वेन्डेलने टोपीत तोंड लपवलं. शेरीफ पुढे झाले, तेव्हा मार्गिटने हात आडवा केला.

"प्रार्थना झाल्यावर न्या."

"बाई, असं करता येत नाही."

"माझा नवरा वर पेटीत आहे, शेरीफ. तुम्ही विषय संपला म्हणाला होतात. तुम्ही थांबाल." मग ती डार्लीनकडे वळली. आवाज अगदी हळू, आजाऱ्याशी बोलावं तसा. "काल रात्री जोलीनचा फोन आला होता. तिला लीलंडवर बोलायचंय. लोकांसमोर, नाव घेऊन. मी म्हटलं, बाळा, जागा नाही, तुझी आई बोलणार आहे. आता जागा झाली."

डार्लीनचा चेहरा पहिल्यांदा उतरला. "नको. मार्गिट, तिला यातलं काही माहीत नाही."

"तेच तर."

ऑर्विलला राहवलं नाही. "अहो, पोरीला आधी सांगायला हवं. तिचा काय दोष?"

"सांगेन ना," मार्गिट म्हणाली. "तिचं बोलून झाल्यावर."

ऑर्विलने मॅक्सीनकडे बघितलं. मॅक्सीन कपबशा मोजल्यासारखं करत राहिली. तिचं काम संपलं होतं.

वर पहिल्या बाकावर डार्लीन बसली. एका बाजूला शेरीफ, दुसऱ्या बाजूला मार्गिट. जोलीन पेटीपाशी उभी राहिली. बाहेरचं गाणं भिंतीतून आत येत होतं आणि आतल्या शेकडो बायका श्वास धरून बसल्या होत्या.

"मी डॉक्टरांकडे गेले तेव्हा मी एकटी होते," ती म्हणाली. "त्यांनी मला एकदाही खाली बघायला लावलं नाही. म्हणाले, तुझ्या आईला सांग, ती समजून घेईल. मी सांगितलं. ती रागावली नाही. सोललेलं अंडं माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाली, खा."

डार्लीनची मान खाली गेली. मार्गिटने तिचा हात हातात घेतला आणि करंगळी अशी मागे वाकवली, की मान आपसूक वर आली. दुरून बघणाऱ्याला वाटलं, दोघी मैत्रिणी एकमेकींना सावरतायत.

जोलीनने आईकडे बघितलं, डोळे पुसले आणि हसली.

"आज इथे उभं राहायचा धीर मला नव्हता," ती म्हणाली. "पण आई समोर बसली की येतो."