कोरा नमुना

माझ्या आजीने खाडीतल्या मासळीवर घर चालवले. माझ्या आईने त्याच खाडीकाठच्या कारखान्यात विजेच्या रोहित्रांमध्ये बावीस वर्षे तेल भरले. ते तेल सांडत असे, गटारातून खाडीत जात असे, आणि ती घरी आली की तिच्या केसांनाही त्याचा गोडसर वास येत असे. मी ते तेल मोजले. आधी पाण्यात, मग मासळीत, आणि पुढची सारी नोकरी किनाऱ्याला लागलेल्या डॉल्फिनांच्या चरबीत. माझी थोरली लेक ही या घरातली चौथी. मी उभारलेल्या प्रयोगशाळेची ती आज प्रमुख आहे. मी निवृत्त आहे, तरी आठवड्यातून तीन दिवस तिथे जाते. मला कोणी बोलावलेले नाही. येऊ नका म्हणण्याची छातीही कोणाची झालेली नाही.

पहिल्या मजल्यावर तीन खोल्या. एकीत फ्रीझर, दुसरीत काचसामान, तिसरीत यंत्र. प्रत्येक तुकडीत दहा बाटल्या असतात. नऊंमध्ये नमुने, दहावी कोरी. कोऱ्या बाटलीत नुसता द्रावक असतो, पण तोही इतरांसारखा सगळ्या पायऱ्यांतून जातो. त्याच्या आलेखात काही उमटले, तर भांडी अस्वच्छ आहेत असे समजून अख्खी तुकडी टाकून द्यायची. बाटल्यांवर फक्त आकडे असतात. कोणता आकडा कोणाचा, हे आलेख वाचणाऱ्याला ठाऊक नसावे. हे नियम माझे आहेत.

त्या मंगळवारी सकाळी मी आलेख वाचत होते. सात नंबरवर माझे बोट थांबले. या तेलाची सतरा शिखरे उमटतात आणि प्रत्येक जिवात त्यांची उंची निराळी असते. दोन माणसांची सही सारखी नसते, तसे. चार नंबर आणि सात नंबर यांची सतराच्या सतरा शिखरे एकमेकांवर तंतोतंत बसत होती.

"काचमास्तर," मी हाक मारली. काचसामान सांभाळणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे याच नावाने ओळखतात. "भांडी धुतली होती, की नुसती ओली केली होती?"

"बाई, तीस वर्षं काच धुतोय. हातावरच्या रेषा धुऊन गेल्या, आता भविष्यसुद्धा कुणी सांगत नाही मला."

"मग चार आणि सात एकच कसे?"

"सात ही परवा लागलेली मादी. आणि चार..." त्यांनी थोरलीकडे पाहिले.

"चार माझं आहे, आई," थोरली म्हणाली. "माझं रक्त."

ती एक्केचाळीस वर्षांची आहे. तेव्हा तिला सातवा महिना होता. तीन वेळा हाती काही लागले नव्हते. हे पहिलेच मूल टिकले होते. आणि मादी डॉल्फिन आपल्या अंगात साठलेले विष पहिल्या पिलाला दुधातून देऊन स्वतः हलकी होते, हे आम्हा दोघींइतके कोणाला ठाऊक असणार?

"पंधरा दिवसांपूर्वी माझं अठरा पूर्णांक चार होतं," ती म्हणाली. "आज बारा पूर्णांक एक आहे."

हे द्रव्य अंगातून जायला दशके लागतात. मी सात नंबरचा आकडा पाहिला. सहा पूर्णांक तीन. मी बेरीज केली. पुन्हा केली. मग चष्मा पुसून पुन्हा केली.

"तुकडी टाकून द्या," मी म्हणाले.

"कोरा स्वच्छ आहे, आई. तुझ्याच नियमाने टाकता येत नाही." ती किंचित हसली. "तेव्हाही तू हेच म्हणाली होतीस ना? भांडी खराब असतील म्हणून."

थोरली महिन्याची असताना मी माझे दूध मोजले होते. आकडा भयंकर आला होता. पण त्या तुकडीत मी कोरा नमुना लावला नव्हता, म्हणून आकड्यावर माझा विश्वास बसला नाही. नवा द्रावक मागवला, भांडी बदलली, यंत्र दुरुस्त होण्याची वाट पाहिली. खात्री पटेपर्यंत अकरा महिने गेले. ते अकरा महिने मी तिला अंगावर पाजत होते.

दुसरी मादी दहा दिवसांनी लागली. ती आम्ही उघडली तेव्हा काचमास्तरांची थट्टा बंद झाली. स्तनांत दूध होते, आणि गर्भाशय मात्र कधीही पिलू न धरलेले.

"पहिलीचंही असंच होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "मी नोंदलं नाही. म्हटलं, आपलाच डोळा चुकला."

तिच्या चरबीत पाच पूर्णांक आठ. थोरलीच्या रक्तात उरले सहा पूर्णांक तीन.

त्या दिवशी मी जेवले नाही. सतरा शिखरे कागदावर हाताने काढून पाहिली. ती तशीच आली.

तिसरीची वर्दी भर दुपारी आली. आम्ही दोघे ओहोटीच्या ओल्या वाळूवरून चालत गेलो. काचमास्तर पेटी उघडायला मागे थांबले आणि मी पुढे झाले.

ती जिवंत होती.

तिचा डोळा माझ्यावर होता. कातडी उन्हाने कोरडी पडली होती. मी गुडघे टेकले आणि तिच्या कुशीवर हात ठेवला. हाताखालून कोमट दूध वाळूत झिरपत होते. त्याला गोडसर वास होता. माझ्या आईच्या केसांचा.

मी विज्ञानाची बाई आहे. पुढे जे बोलले ते का बोलले, मला सांगता येणार नाही. पण ज्या आवाजात मी आजवर घर आणि प्रयोगशाळा चालवली, त्याच आवाजात बोलले.

"माझ्या लेकीचं जे घेतलंयस, ते मूळचं माझं आहे. ज्याचं त्याला दे."

तिने एक लांब श्वास सोडला. दुसरा घेतला नाही.

पुढच्या तुकडीत तिसरीच्या चरबीत सहा पूर्णांक तीन आले. थोरलीच्या आणि कोऱ्याच्या आलेखात फरक सांगता येईना. दोन्ही सपाट होते.

मुलगी झाली. वजन चांगले, रंग चांगला, आवाज तर आमच्या घराला शोभेसा. डॉक्टरांनी निःशंकपणे पाजा म्हणून सांगितले. थोरली पाजत होती आणि रडत होती. "आई, घे ना हिला," ती म्हणाली. मी सर्दीचे निमित्त सांगून दारातच उभी राहिले.

कारण आत बाळ रडले की माझ्या छातीत कळ येत होती. चौथ्या दिवशी पोलके भिजले.

मी सत्तर वर्षांची आहे.

मी दार लावून घेतले, स्वच्छ बाटली घेतली, आणि काम झाल्यावर तिच्यावर फक्त नऊ हा आकडा लिहून ती प्रयोगशाळेतल्या तुकडीत ठेवली.

आज काचमास्तर आलेख घेऊन घरी आले. नियमाप्रमाणे त्यांना काही ठाऊक नव्हते.

"बाई, ही चौथी कधी लागली? मला कुणी बोलावलं नाही. सतराच्या सतरा शिखरं तीच आहेत."

"कोरा?"

"स्वच्छ."

"मग नोंद करा. मादी. अंगावर दूध. पिलू सुखरूप."

त्यांनी लिहून घेतले. "वय?"

मी सांगितले. ते हसले. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि पेन तसेच हातात राहिले.

मी आलेख त्यांच्या हातून घेतला आणि खालचा आकडा वाचला. अठरा पूर्णांक चार. अकरा महिन्यांत जेवढे थोरलीला दिले, तेवढे सगळे, दशांशासकट, माझ्याकडे परत आले होते.