रोबोंनी सोडलेली वाट

विश्वजित, तो मोबाईल ठेव बाजूला. अन् सावनी, हसायचं नाय. फारूख माझ्या ओळखीचा माणूस, खुलताबादचा. मी तेव्हा पडेगावच्या पुढं एका नव्या गोदामात गेटवर होतो.

चोवीस साल. पावसानं दगा दिलेला, गावोगाव टँकर, अन् शहर मात्र चहूकडं फुगत चाललेलं. फारूख टँकरच्या रांगेत उभा होता, तेव्हा घरात त्याची आजारी बायको सगीरा गेली. एकटीच. ते त्याच्या जिवाला लई लागलं. "काकासाहेब, एकदा दिसली तर माफी मागीन," मला म्हणायचा. रिकामं घर खायला उठायचं, म्हणून त्यानं आमच्या गोदामात रात्रपाळी मागून घेतली.

तिथं तरी कोण होतं? रोबोंना उजेड लागत नाही, म्हणून अख्ख्या गोदामात दिवा एकच, फारूखच्या टेबलावर. बुटके रोबो अंधारातून कपाटं उचलून आणायचे, तो ऑर्डरीची वस्तू काढून खोक्यात टाकायचा. रोबो नेहमी जवळचाच रस्ता धरायचे. फक्त आत माणूस असला, अन् कमरेला खुणेचा पट्टा असला, तरच चार हात लांबून वळायचे.

मे महिना, अवसेची रात्र, मंगळवार. दोन वाजून दहा मिनिटं. कपाटं उशिरा यायला लागली, म्हणून फारूखनं रोबोंची वाट दाखवणाऱ्या स्क्रीनवर पाहिलं. रोबो एका रिकाम्या जागेला वळसा घालत होते.

पट्टे सगळे खुंटीला होते.

"कोण हाय आत?"

ती जागा सरकली. त्याच्याकडं. रोबो वाट सोडत होते... थांबत होते...

टेबलापाशी आली. थांबली.

फारूख पळाला.

गेटवर येऊन त्यानं मला आत बोट दाखवलं. "यंत्राला भ्यालास व्हय रे?" म्हणत मी बॅटरी घेतली अन् त्याला परत आत नेलं. रोबो सरळ चालले होते.

टेबलाशेजारी खोकी तोलायचा काटा होता, जमिनीलगतचा. वर काही नव्हतं. आकडा मात्र पेटलेला. एकतीस किलो.

मी बंद करून चालू केला. एकतीस.

फारूख काट्यापाशी बसला. "दवाखान्यात शेवटचं वजन केलं, तेव्हा झिजून एवढीच भरली होती..." मग काट्यावर हात ठेवून म्हणाला, "सगीरा, माफ कर. अब नहीं भागता."

तो काटा त्यानं साहेबाकडून मागून घरी नेला. गेल्या महिन्यात मी खुलताबादला गेलो होतो. काटा पलंगाशेजारी होता, वायर कापलेली.

तरी आकडा पेटलेला होता.

तेहतीस किलो.