टकटक झाली की गप्प

दातांच्या डॉक्टरांना एक खोड असते. समोरच्याच्या तोंडात आरसा, कापूस आणि बोटं एकदम गेली, की त्यांना गप्पा सुचतात. त्या दिवशी खुर्चीत एक नवी पेशंट होती. डोळे मोठे, दाढ किडकी.

“आमची भाची समोरच्याच शाळेत आहे,” डॉक्टर सांगू लागले. “देवमाशांवर तासभर बोलेल, नुसती भिंगरी! पण पुस्तक उघडलं की संप. अक्षरं जागची हलतात म्हणे. आळस, दुसरं काय? तुम्हाला काय वाटतं?”

पेशंटला बरंच काही वाटत होतं. पण तोंडात कापूस होता.

कापूस निघाल्यावर ती उठून बसली. अर्धा गाल बधिर, नजर मात्र पूर्ण शुद्धीवर.

“देवमासेवाली ना? ती आळशी नाही,” ती एकेक शब्द जपून म्हणाली. “तिला डिस्लेक्सिया आहे, चाचणीत कळलंय. त्या शाळेत अशा मुलांना मीच शिकवते. या आठवड्यात तुमच्या घरी कळवणारच होते. आणि डॉक्टर... प्रश्न विचारलात, तर उत्तराला जागा ठेवत जा.”

डॉक्टरांना लाज वाटली. आणि का कोण जाणे, छानही वाटलं. याला काय म्हणतात, ते त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

भिंगरीची आई, म्हणजे डॉक्टरांची ताई, नर्स. तिची ड्युटी संध्याकाळची, त्यामुळे वाचन मामाच्या गळ्यात पडलं. शाळेत बाईंनी वर्गशिक्षिकेला पटवलं, की भिंगरीला सगळ्यांसमोर वाचायला उभं करायचं नाही, उत्तरं तोंडी घ्यायची. घरी येऊन त्या मामाला पद्धत शिकवू लागल्या. पुस्तक भिंगरीने निवडायचं. दोघांनी एकत्र, मोठ्याने वाचायचं. तिला एकटीने वाचावंसं वाटलं की तिने टेबलावर टकटक करायची, मोठ्या माणसाने तिथल्या तिथे गप्प बसायचं. ती अडली, तर एक श्वास थांबून शब्द सांगायचा. तिने तो म्हणायचा, की पुढे पुन्हा दोघं एकत्र.

“एकच श्वास?” डॉक्टरांनी विचारलं.

“एकच, पण पूर्ण. तुमचा फार छोटा असतो.”

“तुम्ही माझ्या श्वासांवर लक्ष ठेवता?”

“मी... पद्धत तपासते,” बाई म्हणाल्या आणि उगाच पुस्तक सरळ केलं. ते सरळच होतं.

भिंगरी वाचू लागली. हे चांगलं होतं. ती पुरेशी वाचू लागली की बाई यायच्या थांबणार. हे वाईट होतं. टकटक ऐकून मामा खूश होई आणि लगेच त्याचा चेहरा पडे.

“अरे, पोर वाचायला लागली आणि तुझं तोंड हे असं?” ताई म्हणाली. “दाढ दुखते का?”

“काहीतरी दुखतंय गं ताई. नक्की कुठलं, ते सापडत नाही.”

बाईंचाही गोंधळ कमी नव्हता. दाढ केव्हाच बरी झाली होती, तरी त्या दाखवायला येऊन गेल्या. डॉक्टरांनीही ती बराच वेळ पाहिली.

एका संध्याकाळी भिंगरीने टकटक केली आणि देवमाशाला अख्ख्या पानावरून एकटीने पोहवत नेलं. मध्ये अडखळली, स्वतःच सावरली. मग फोन घेऊन, आईला सांगायला बाहेर पळाली.

“झालं!” बाई पिशवी आवरत म्हणाल्या. आवाजात आनंद होता, पण पुरता नव्हता. “आता घरी यायची गरज नाही. शाळेत मी आहेच, आणि तुम्ही रोज थोडं थोडं—”

टकटक.

बाई सवयीने गप्प झाल्या. टेबलावर डॉक्टरांची बोटं होती.

“तुम्ही यायचं थांबवू नका,” ते म्हणाले. “भिंगरीसाठी... म्हणजे तिच्यासाठी आहेच, पण मला तुम्ही... मला तुम्ही—”

अडले. समोरचं तोंड मोकळं, आणि बंद पडलं ते यांचं.

बाईंना एक श्वास थांबायचं होतं. थांबल्या. श्वास जरा छोटाच होता.

“आवडता,” त्यांनी शब्द सांगितला.

डॉक्टरांनी जोरजोरात मान डोलावली.

“मामा!” दारातून भिंगरी ओरडली. फोन तिच्या कानालाच होता. “शब्द तुला म्हणावा लागतो!”

“आवडता,” मामा म्हणाला.

“आता पुन्हा दोघं एकत्र. पहिल्यापासून,” भिंगरीने फर्मावलं.

दोघांनी म्हटलं. मोठ्याने, पद्धतीप्रमाणे.

“आई, ठेवते गं,” भिंगरी फोनवर कुजबुजली. “इथे वाचन चाललंय.”