शिवेवरचा नारळ

जुनी स्पोर्ट बाइक विकत घेणाऱ्याला लोक जे प्रश्न विचारतात ते ठरलेले असतात. आमच्या पार्सेच्या तिठ्यावर मी पहिल्यांदा गाडी उभी केली, तेव्हा चहाच्या गाड्यावरून ते एकामागून एक आले. ॲव्हरेज किती देते? पाय जमिनीला पोचतात का? पाठ धरत नाही? आणि बायकोला कुठे बसवणार? शेवटच्या प्रश्नावर सगळे हसले. मीही हसलो, कारण मागची सीट विळीच्या पाटाएवढी आहे आणि माझी बायको गौरवी तिच्याकडे बघून म्हणाली होती, "ह्या फळयेर मी बसूं? खांद्यार घेवन वचात त्यापरस."

मी तुयेच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या एका कारखान्यात उपकरणांची देखभाल करतो. तापमान, दाब, वजन जे मोजतं ते बिघडलं की मला बोलावतात. वय चाळिशीला टेकलेलं आणि इतकी वर्षं बुडाखाली एकच स्कूटर, तीही सासऱ्यांनी दिलेली. त्यामुळे ही निळी, पुढे चोच काढून उभी राहणारी गाडी माझ्या पडवीत आली तेव्हा मला काय वाटलं ते सरळच सांगतो. अभिमान हा सभ्य शब्द झाला. मला गर्व झाला होता. सकाळी दात घासताना मी तिच्याकडे बघत उभा राहायचो आणि चूळ भरायची विसरायचो.

गाडी सुर्ल्याहून घेतली. तिथले गोकुळदास पूर्वी खाणीवर टिपर चालवायचे. त्यांचा मुलगा निहार बोटीवर नोकरीला लागला आणि गाडी अंगणात पडून राहिली. कागद माझ्या नावावर झाले त्या दिवशी गोकुळदासांनी दोन्ही चाव्या दिल्या, चेनला घालायच्या तेलाचा डबा दिला आणि वर एक सोललेला नारळ दिला.

"शिमेर वडाकडेन राखणदार आसा," ते म्हणाले. "वतना थंय थांबात. नारळ फोडात आनी सांगात, गाडी आतां दुसऱ्या गांवांत वता म्हण."

आमच्याकडेही प्रत्येक गावाला राखणदार असतो. रात्री शीव धरून फिरतो, गाव राखतो. मी देव मानतो, राखणदाराबद्दल माझं मत विचारू नका; पण दिलेला नारळ फोडायला माझी काही हरकत नव्हती. अडचण वेगळीच झाली. वडाखाली टिपरवाले गप्पा मारत बसले होते. गाडी उंच, मी बेताचा. स्पोर्ट बाइक चालताना हलकी असते आणि थांबताना म्हशीसारखी अंगावर येते. सगळ्यांच्या देखत ती आडवी पडली असती तर माझी शोभा झाली असती. मी वडाकडे बघून मान लववली, गिअर वाढवला आणि सरळ डिचोलीच्या रस्त्याला लागलो. नारळ पिशवीत राहिला. रविवारी गौरवीने तो किसून बांगड्यांचं हुमण केलं. चांगलं झालं होतं. मी दोनदा भात घेतला.

गाडीबरोबरच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं की सकाळी इंजिन थंड असतं, तेव्हा चालू करून थोडा वेळ तसंच ठेवावं, लगेच मूठ पिळू नये. पहिल्याच सकाळी मी तसं करायला गेलो, तर तापमानाच्या पट्ट्या आधीच वर चढलेल्या. इंजिनाला हात लावला. गरम होतं.

दुसऱ्या सकाळी तेच, तिसऱ्याही. मी कारण शोधलं आणि ते सापडलं: पडवीवर पत्रा आहे, भिंत पश्चिमेची, दिवसभराचं ऊन धरून ठेवते. मग तिठ्यावर मी फुशारकी मारू लागलो. "तुमच्या गाड्या खोकत बसतात. माझीला गरम करावंच लागत नाही." लोक कौतुकाने मान हलवायचे. भिंत मात्र सकाळी थंडगार असायची. तिच्यावर हात ठेवून बघायचं मला सुचलं नाही, किंवा मी सुचू दिलं नाही.

पहिल्यांदा बोलली ती गौरवी. "पडवी रोज पुसून माजी कंबर मोडली. हो चिखल खंयचो हाडतात?"

फरशीवर टायरखाली गाळ होता. पार्सेची मातीही तांबडीच, पण ती विटेसारखी. हा गाळ काळपट तांबडा होता, बोटांवर चोळला की बारीक चमकायचा. माझ्या कामाच्या पेटीत लोहचुंबक असतं. गाळ वाळवून त्यावर ते फिरवलं, तर थोडे कण चिकटले. खाणीच्या पट्ट्यात रस्त्यावर सांडतं तसं खनिज. गाडी आणली त्या दिवशीचं चाकाच्या आत अडकून राहिलं असेल, असं मी गौरवीला सांगितलं. मी गाडी तीनदा धुतली होती, हे तिला माहीत होतं. तिने पुन्हा फडकं घेतलं.

चेन पुन्हा सैल वाजू लागली तेव्हा तुयेला संतोषच्या गॅरेजमध्ये गेलो. संतोष बेळगावकडचा, भरपूर बोलणारा. त्या दिवशी मात्र तो मागच्या चाकाजवळ बसला आणि बसूनच राहिला.

"ओ, कुठं कुठं फिरवतायसा ही?"

"कारखाना आणि घर. का?"

"गेल्या खेपेला चेन मीच ताणली हुती. आता बघा, कापडागत लोंबायल्या. आणि टायर बघा. मधनं सपाट." त्याने टायरवरून अंगठा फिरवला. "घरात कोण पोरगं हाय काय, चोरून नेणारं?"

आमच्या घरात आम्ही दोघंच. पण संतोषचं म्हणणं मला पटलं, कारण ते पटण्यासारखं होतं. कुणीतरी नेतंय. मी पुढच्या चाकाला कुलूप लावलं, दोन्ही चाव्या उशीखाली घेतल्या आणि खडूने एक रेघ काढली, अर्धी टायरवर, अर्धी फरशीवर. गाडी तसूभर हलली तरी दोन्ही अर्ध्या पुन्हा तशाच जुळणं कठीण.

सकाळी कुलूप जागेवर होतं. रेघ जुळलेली होती, किलोमीटरचा आकडा आणि पेट्रोल काल होतं तेवढंच. रेघेभोवती ओला गाळ होता, आणि इंजिनावर तापमापक धरलं तर आकडा असा की दूरवरून येऊन कुणी आत्ताच उतरलं असावं.

मी तापमापक बदलून पाहिलं. तेवढाच आकडा.

त्याच आठवड्यात कारखान्यात मला रात्रपाळीचा प्रमुख केलं. साहेबांनी सगळ्यांसमोर नाव घेतलं आणि नवे बूट दिले, पुढे पोलादी टोपी असलेले, जाड तळव्याचे. सोमवारपासून रात्रपाळी. मी पेढे घेऊन, हॉर्न वाजवत घरी आलो. गौरवीने पेढा घेतला, हातातच धरून ठेवला.

"एक विचारूं? सुर्लाक कायेक सांगलेलें तुमकां? गाडी दिताना?"

मी नारळाचं सांगितलं. हसत सांगायला सुरुवात केली, पण शेवटाला येईपर्यंत हसू राहिलं नाही.

"तो नारळ," ती म्हणाली, "मी हुमणांत घातलो."

"नारळच तो."

"राखणदाराचो." पेढा तिने बशीत ठेवला. "रात्री ती गाडी खंय आसता तें आमकां कळना. आनी सोमवारपासून रात्री तिचेर बसून तुमी वतले. गाडी खंय वतली? तुमी खंय वतले?"

मी मोजमापाचा माणूस. मी तिला कारखान्यापर्यंतचे किलोमीटर सांगितले. गाडी विकायची, नाहीतर सोमवारच्या आत हे मिटवायचं, असं तिने सांगितलं. विकायची म्हटल्यावर माझी नजर पडवीकडे गेली, ते तिला दिसलं असावं. तिनेच कपाटातून नारळ काढून दिला, शेंडी असलेला, मोठा.

रविवारी सकाळी सुर्ल्याला पोचलो. रस्त्यावर नुकतीच पाणी मारून धूळ बसवलेली होती, टिपरच्या चाकांनी त्याचा काळपट तांबडा चिखल झाला होता. गोकुळदासांनी गाडीचा आवाज ओळखला आणि बाहेर आले. माझ्याकडे न बघता आधी तिच्याभोवती फिरले.

"चेनीक तेल घालतात मरे?"

"घालतो."

"टायर झिजलो. बदलूंक जाय. वारें कमी दवरूं नाकात, गाडी वळणार जड जाता." मग माझा चेहरा बघून थांबले. "सकाळीं गरम आसता न्हय?"

मी होय म्हटलं.

"निहाराचीय आसताली. तो म्हणटालो, इंजीन बरें आसा."

ते मला वडाकडे घेऊन गेले. मुळांशी एक उभा धोंडा, त्याला तेल-शेंदूर, आणि समोर चपट्या दगडावर चामड्याच्या वाहाणा ओळीने मांडलेल्या. खूप मोठ्या. दर जत्रेला गाव राखणदाराला नवा जोड देतो, आणि पुढच्या जत्रेपर्यंत त्या वाहाणांचे तळ झिजून पातळ झालेले असतात. आमच्या भागात हे कुणाला नवल वाटत नाही. शीव मोठी, फिरणं रोजचं.

इथल्या वाहाणा मात्र झिजल्या नव्हत्या. पावसापाण्याने चामडं पापडासारखं वाळून तडकलं होतं, पण तळव्यावरचे टाके नव्यासारखे शाबूत होते. चारही जोडांचे.

"निहारान गाडी घेतली त्या वर्सासावन," गोकुळदास म्हणाले. "पायांनी चलपाचो बंद जालो तो." आणि त्यांच्या तोंडावर जे उमटलं ते मी लगेच ओळखलं, कारण रोज सकाळी दात घासताना तेच माझ्या तोंडावर असायचं. "आनीक खंयच्या गांवचो राखणदार बाइकीर भोंवता, सांगात पळोवया."

खोटं कशाला बोलू, क्षणभर माझीही छाती फुगली. एवढी मोठी असामी, आणि माझी गाडी पसंत केली.

पण सोमवार उद्यावर होता. मी म्हटलं, "काका, मला ती रात्रीची लागणार."

त्यांनी मान हलवली. थोडे हिरमुसलेले वाटले.

धोंड्यापाशी अनवाणी जायचं असतं. खाली चिखल होता आणि बूट कोरे करकरीत, म्हणून ते चपट्या दगडावर काढून ठेवले, ओळीच्या शेवटी. गोकुळदास डोळे मिटून गाऱ्हाणं घालू लागले. गाडी दुसऱ्या गावची झाली, धनी दुसरा झाला, चूक झाली ती पोटात घाल, गाडी सोड, आपल्या पायांनी शीव राख. मी नारळ फोडला. एका घावात दोन वाट्या झाल्या, पाणी धोंड्यावर गेलं. वडावर एकही पान हललं नाही. मला फार हलकं वाटलं.

मी दगडावर बसून बुटांच्या नाड्या बांधत होतो.

"ते थंय दवरिल्ले?" गोकुळदासांनी विचारलं.

"हो. खाली चिखल."

ते वाहाणांच्या ओळीकडे बघत राहिले, मग माझ्या पायांकडे.

"थंय दवरिल्लें परत घेवंक फावना. हांगाच सोडात."

"बूट इथे सोडून अनवाणी पार्सेला जाऊ?" मी हसलो. "उद्या हेच घालून कामावर जायचंय, काका. कंपनीचे आहेत."

मी गाडी चालू केली, वळवली, हात केला. आरशात दिसले तोवर ते रस्त्यात उभे होते.

घरी आल्यावर बूट पुसले आणि नेहमीप्रमाणे बाहेर पायरीवर ठेवले.

सोमवारी उजाडताच पडवीत गेलो.

फरशी कोरडी होती. टायर स्वच्छ होता. इंजिनावर तापमापक धरलं, मग भिंतीवर धरलं. दोन्ही आकडे सारखे. थंड.

मी बटण दाबलं. गाडी खोकली, थरथरली, चालू झाली. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे मी थांबलो. पट्ट्या एकेक करून, सावकाश, वर चढल्या. इतका अभिमान मला ती घेतली त्या दिवशीही वाटला नव्हता. आता ती माझी होती.

गौरवी बाहेर आली. तिने इंजिनाला हात लावून पाहिला, फरशीवर पाऊल घासून पाहिलं. मग पदर खोचला आणि माझा खांदा धरून त्या विळीच्या पाटावर चढून बसली. पहिल्यांदाच.

"चला," ती म्हणाली. "पेडण्याच्या बाजारांत व्हरात माका. लोकांक पळोवं दे."

"बूट घालून आलो."

पायरीवर ते जसे ठेवले होते तसेच होते, जोडीने, टाचा भिंतीकडे. मी एक उचलला. हलका लागला.

तळवा झिजून गुळगुळीत झाला होता. नक्षी उरली नव्हती. टाच बाहेरच्या बाजूने अर्धी गेली होती, आणि शिवणीत काळपट तांबडा गाळ भरला होता. तो चमकत होता.

"येतात मां?" मागून गौरवी हसत म्हणाली. गाडी चालूच होती.

मला तिला काही कळू द्यायचं नव्हतं. मी पायरीवर बसलो आणि बुटात पाय घातला.

आत ऊब होती.