बिनडागाचा स्फटिक

कोल्हापुरात त्या काळी आंधळं असं कुणी उरलंच नव्हतं. डोळा गेला की आत नेत्रपट बसवायचा, ही दात बसवण्याइतकी साधी बाब झाली होती. नेत्रपट म्हणजे गॅलियम आणि आर्सेनिकच्या स्फटिकाची पातळ चकती. तिच्यावर प्रकाश पडला की वीज जागी होई आणि मेंदूपर्यंत जाई. गावाबाहेरच्या स्फटिकशाळेत हे स्फटिक वाढवण्याचं काम डॉ. शर्वाणी कर्णिक पाहत असे.

हे सगळे डोळे एक दिवस विझणार आहेत, हे तिनंच पहिल्यांदा ओळखलं.

स्फटिक वाढवताना वितळलेल्या रसात एक छोटा स्फटिक टेकवतात आणि सावकाश वर ओढतात. त्या छोट्या स्फटिकाला बीज म्हणतात. रसातले अणू बीजातली रांग पाहून आपली रांग लावतात. रांग चुकलेली असेल तर ती चूकही पुढे चालते. आजवरचे सारे नेत्रपट एकाच बीजाच्या वंशातले होते आणि त्या बीजात एक सूक्ष्म चीर होती. वापरानं ती पसरत होती. ती आरपार गेली की अंधार.

शर्वाणीनं निर्दोष बीज घडवायचा चंग बांधला. भट्टीत आर्सेनिक वाफ होऊन उडून जाई, हाताशी आलेला स्फटिक थंड होताना तडके. सहकारी म्हणाले, "जुन्यावरच भागवू." तिनं ऐकलं नाही. अखेर एक स्फटिक असा निघाला की क्ष-किरणांनाही त्यात खोट सापडेना.

त्याची पहिली चकती बसवून घ्यायला रेणुका साळुंखे पुढे आली. बालवाडीत शिकवणारी ही बाई जन्मांध. लहानपणापासून जुन्या नेत्रपटानं पाहत आलेली. सोबत तिचे वडील होते.

पट्टी सुटली. रेणुकानं खिडकी पाहिली, मग वडिलांकडे वळली आणि किंचाळली.

"आबा! तुम्हाला काय झालं?"

"काय झालंय मला? हा काय, उभा आहे की तुझ्यापुढं!"

तिनं चाचपडत त्यांच्या नाकाखाली बोट धरलं. "मग तेज कुठं गेलं?"

"कसलं तेज?" शर्वाणीनं विचारलं.

"माणसाभोवती असतं ते. मेल्यावर विझतं. सगळ्यांना दिसतं की!"

शर्वाणीला आता उलगडलं. अपघातानं डोळे गेलेले लोक 'नेत्रपटातून माणसाच्या कडेला धूसर दिसतं' अशी तक्रार करत; ती कुणी मनावर घेतली नव्हती. बीजातली चीर अंगाच्या उष्णतेचे किरणही टिपत होती. जन्मांधांना मात्र माणूस तसाच ठाऊक होता.

"रेणुकाताई, आम्हाला तसं काही दिसत नाही."

"मग माणूस जिवंत आहे हे तुम्हाला कळतं कसं?"

"हलतो, बोलतो... चेहऱ्यावरून कळतं."

"मला चेहऱ्यावरून कळत नाही, डॉक्टर. ती चीर परत घाला."

"घालता येईल. पण ती पसरणारच. तेज आणि अंधार, दोन्ही तिच्यातूनच येतात."

रेणुकानं वडिलांचा हात हाती घेतला. मग म्हणाली, "राहू दे हाच डोळा. बालवाडीतल्या पोरांवर नजर ठेवायची आहे मला. बाकीचं शिकेन."

शर्वाणीनं मागे हटायचं नाही असं ठरवलं. जुने नेत्रपट मंदावू लागले होते. एकेका जन्मांधाला समोर बसवून ती आधी सगळं सांगे. तरी पट्टी सुटली की प्रत्येक जण आपल्या माणसाचं मनगट चाचपे. एकही डोळा विझू दिला नाही तिनं.

हिवाळ्यात रेणुकाचा फोन आला. आवाज अगदी सपाट होता.

"डॉक्टर, आबा गेले."

"अरेरे! कधी?"

"तेच कळलं नाही. सकाळी त्यांच्यापुढं चहा ठेवला. दुपारी ताट वाढलं. वाटलं, रुसलेत माझ्यावर. चेहरा तसाच होता हो. हा डोळा बसवल्यापासून रोज दिसायचा, अगदी तसाच."